कमलाबाई सोहोनी : एका वर्षाची अट

(भडगाव येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गिरणाकाठच्या आपल्या भागात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भाकरी थापणाऱ्या गृहिणीस तिचे कारण विचारले, तर 'अंगी लागते' एवढेच ती सांगेल. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. ज्वारीत काय उणे असते, उडदाने ते कसे भरून निघते, कडधान्यातील कोणता अंश शरीरास मिळतो आणि कोणता मिळावयाचा राहतो, हे निश्चितपणे सांगावयाचे तर कोणास तरी डाळीचे पीठ घेऊन प्रयोगशाळेत बसावे लागते. ते निरनिराळ्या द्रावणांत कालवावे लागते, गाळावे लागते, सुकवावे लागते, तोलावे लागते आणि आलेला आकडा खरा की खोटा हे पाहण्यासाठी तेच काम पुन्हा आरंभापासून करावे लागते. असे काम आपल्या देशात ज्यांनी पुष्कळ आधी हाती घेतले, त्यांत एक मराठी स्त्री होती. डॉ. कमलाबाई सोहोनी हे तिचे नाव. आजचा विषय त्यांच्या चिकाटीचा आहे. आणि ती चिकाटी कशाविरुद्ध धरावी लागली, याचाही आहे.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवतांच्या घराण्यात झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे अभ्यासक होते. बंगळुरू येथील टाटांच्या विज्ञान संस्थेत दोघांचेही शिक्षण झालेले होते. थोर विदुषी दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या वडील भगिनी. अशा घरात मुलीने शास्त्र शिकावे यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र हा मुख्य आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन १९३३ साली बी. एस्‌सी. ची पदवी उत्तम रीतीने मिळविली. पुढचे पाऊल उघडच होते. वडील व चुलते जेथे शिकले, त्या बंगळुरूच्या संस्थेत संशोधनासाठी त्यांनी अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला.

कारण गुणांचे नव्हते, वयाचे नव्हते, जागा नसल्याचेही नव्हते. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण होते. त्या वेळी संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळविलेले आणि १९३३ मध्ये त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झालेले हे गृहस्थ आपल्या पाठ्यपुस्तकांत मानाने विराजमान आहेत, आणि ते योग्यच आहे. प्रकाशाच्या विकिरणाविषयी त्यांनी लावलेला शोध या प्रसंगाने तिळमात्र लहान होत नाही. तथापि मुलांना थोर माणसांची चरित्रे सांगताना त्यांचे सोयीचे तेवढेच भाग सांगावयाचे आणि अडचणीचे झाकून ठेवावयाचे, ही पद्धत बरी नव्हे. स्त्रिया संशोधनास समर्थ नसतात अशी रामन यांची त्या वेळी समजूत होती. प्रकाशकिरणाचा एवढा बारकाईने विचार करणाऱ्या बुद्धीने ही समजूत मात्र कधी प्रयोगाला लावून पाहिली नव्हती.

कमला भागवत यांचे वय तेव्हा बावीसच्या आसपास. नकाराचे पत्र घेऊन घरी बसणे त्यांना शक्य होते; कोणी दोषही दिला नसता. त्या थेट बंगळुरूस गेल्या. संचालकांपुढे उभ्या राहून, कोणत्या नियमाने आपणांस प्रवेश नाकारला, असे त्यांनी विचारले. असा नियम कोठेही नव्हता. सविनय कायदेभंगाची चळवळ देशाने नुकतीच पाहिली होती. प्रवेश मिळेपर्यंत आपण सत्याग्रह करू, असा पवित्रा या तरुणीने घेतला, आणि अखेरीस संचालकांना होकार द्यावा लागला.

होकार मिळाला, पण अटींसह. पहिली अट अशी की, पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी समजले जाणार नाही. काम पाहून संचालकांचे समाधान झाले तरच त्यांच्या संशोधनास मान्यता मिळेल. दुसरी अट, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंतही, त्यांनी काम केले पाहिजे. तिसरी अट, त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. म्हणजे तेथील पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. पहिल्या दोन अटी कठोर म्हणता येतील. तिसरी अट अपमानाची होती. दुसऱ्याचे चित्त विचलित झाले तर त्याचा दंड तिने भरावयाचा, असा तिचा अर्थ होता. उतारवयात, सर्व मानसन्मान मिळून गेल्यावरही, हा अपमान आपल्याला विसरता आला नाही असे कमलाबाईंनी जाहीर सभेत बोलून दाखविले. काळ गेला की सर्व काही विसरले जाते, असे आपण सहज म्हणतो. ज्याला सोसावे लागले त्याचा अनुभव वेगळा असतो.

अटी त्यांनी मान्य केल्या. येथे क्षणभर थांबावयास हवे. अट मान्य करणे म्हणजे अटीमागची समजूत मान्य करणे नव्हे. त्या समजुतीस उत्तर द्यावयाचे तर ते प्रयोगशाळेच्या आतूनच देता येणार होते, आणि आत जाण्याचा दरवाजा तेवढाच उघडा होता. कमलाबाईंना मार्गदर्शक लाभले ते श्री. श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, परंतु शिकविण्यास उदार, असा त्यांचा लौकिक होता. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास आरंभिला.

हा विषय बाहेरून पाहणाऱ्यास रुक्ष वाटतो. डाळीत पिष्ट असते, स्निग्धांश असतो, तंतू असतात, क्षार असतात. या सर्वांतून प्रथिन तेवढे वेगळे काढावयाचे. काही प्रथिने साध्या पाण्यात विरघळतात, काही मिठाच्या पाण्यात विरघळतात. मिठाचे प्रमाण थोडे चुकले किंवा द्रावण थोडे तापले, की दिवसाचे काम वाया जाते. दिवस वाया गेला म्हणून तक्रार करण्याची सोय या विद्यार्थिनीस नव्हती, कारण तिच्या प्रत्येक चुकीचा अर्थ 'स्त्रिया समर्थ नसतात' असाच लावला जाण्याचा संभव होता. तिच्या सोबतच्या तरुणांची चूक झाली तर ती त्यांची एकट्याची चूक ठरे.

वर्ष सरले. काम पाहून संचालकांचे समाधान झाले आणि कमलाबाईंचे संशोधन नियमित मानण्यात आले. १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम. एस्‌सी. ही पदवी त्यांनी विशेष गुणवत्तेसह मिळविली. त्याहून मोठी गोष्ट अशी की, रामन यांनी त्यानंतर स्त्रियांना संस्थेत घेण्यास आरंभ केला. पुढे हवामानशास्त्रात नाव मिळविलेल्या अन्ना मणी यांनी १९४० पासून खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे व माणके यांवर काम केले. दाराची कडी एका मुलीने काढली ती अशी. मात्र तेवढ्याने सर्व वाटा मोकळ्या झाल्या असे नाही. अन्ना मणी यांचा प्रबंध लिहून तयार असताना, एम. एस्‌सी. झालेली नाही या कारणाने त्यांना पीएच. डी. मिळाली नाही.

आता कळण्याच्या भाकरीकडे वळू. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच उडदात बावीस ते चोवीस ग्रॅम. केवळ प्रमाणाचा प्रश्न असता तर उडीदच खावा असे म्हणता आले असते. परंतु प्रथिने ही अमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांची बनलेली असतात. धान्यांत लायसिन हा घटक कमी असतो, तो कडधान्यांत भरपूर असतो. कडधान्यांत मेथिओनिन कमी, ते धान्यांत बरे असते. दोहोंचे मिश्रण केले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. शाळेत शिजणाऱ्या खिचडीत तांदूळ व डाळ एकत्र येतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे. खानदेशातील गृहिणींनी हे अनुभवाने जाणले. देशोदेशींच्या प्रयोगशाळांनी ते मोजून दाखविले.

१९३७ च्या डिसेंबरात कमलाबाई इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे दाखल झाल्या. जीवनसत्त्वांच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम करावयाचे होते. तेथे जागा रिकामी नव्हती. तेव्हा डॉ. डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा या नव्या विद्यार्थिनीस वापरावयास दिले आणि स्वतः रात्री काम करण्याचे पत्करले, असे सांगतात. बंगळुरूस रात्री काम करण्याची अट कमलाबाईंवर होती. येथे दुसऱ्या कोणी तरी आपण होऊन रात्र पत्करली.

रिक्टर यांच्यानंतर त्यांनी डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम केले. प्रयोगासाठी निवडला तो आपला नेहमीचा बटाटा.

बटाटा जमिनीतून काढून पोत्यात भरला तरी तो जिवंत असतो. तो श्वसन करतो, म्हणजे हवेतील प्राणवायू घेतो आणि साठविलेल्या पिष्टापासून बनणाऱ्या साखरेतून शक्ती मिळवितो. माणूस असो, किण्व असो किंवा बटाटा असो, पेशीतील अन्नाची शक्ती एका झटक्यात बाहेर पडत नाही. पाणी काढताना विहिरीवर एका हातातून दुसऱ्या हातात घागर जावी, त्याप्रमाणे इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे सोपविले जातात आणि शेवटी प्राणवायूपर्यंत पोहोचतात. या रांगेतील एका द्रव्याचे नाव सायटोक्रोम-सी. ते लोहयुक्त असून त्याचा रंग तांबूस असतो. केंब्रिज येथीलच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली या जातीच्या रंगद्रव्यांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. वनस्पतींच्या श्वसनात त्यांचे कार्य काय, हे मात्र स्पष्ट झालेले नव्हते. हिरव्या पानात हरितद्रव्याचा रंग एवढा गडद की, त्याखाली हा फिकट तांबूस रंग दिसणे कठीण. बटाट्याच्या पांढऱ्या गरात ती अडचण नसते. कमलाबाईंनी बटाट्यात सायटोक्रोम-सी चा माग काढला आणि वनस्पतींच्या पेशींच्या श्वसनातही ते असते असे दाखवून दिले. सपुष्प वनस्पतींतील या श्वसनक्रियेवर हिल आणि भागवत या दोघांच्या नावाने १९३९ साली 'नेचर' या नियतकालिकात टिपण प्रसिद्ध झाले.

त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पृष्ठांचा होता, आणि केंब्रिजला आल्यापासून चौदा महिन्यांत तो पूर्ण झाला. १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. प्रबंधाची जाडी पाहून विद्वत्ता मोजणाऱ्यांनी ही पृष्ठसंख्या ध्यानात ठेवावी.

या शोधाचा पुढे आनुवंशविज्ञानाशी संबंध आला, तो येथेच सांगणे बरे. कोणतेही प्रथिन कसे बनवावयाचे याची आज्ञा जीवाच्या जनुकात लिहिलेली असते. ती आज्ञा आईबापांकडून संततीस मिळते आणि लक्षावधी वर्षांत तिच्यात हळूहळू फरक पडत जातो. १९६० नंतरच्या दशकात निरनिराळ्या जीवांतील सायटोक्रोम-सी ची अमिनो आम्ले ओळीने वाचून ताडून पाहण्यात आली. माणसाच्या सायटोक्रोम-सी मध्ये १०४ अमिनो आम्ले आहेत. चिंपांझीचे अगदी तेच. गव्हाच्या रोपाचे घेतले, तर तेथेही निम्म्याहून अधिक जागी तीच अमिनो आम्ले आढळतात. शेतातील गहू आणि तो पेरणारा शेतकरी यांचे दूरचे नाते असे एका प्रथिनात लिहिलेले आहे.

कमलाबाई या विज्ञानात पीएच. डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. हे वाक्य मुलांना सांगताना जपून सांगावे. केरळातील तलश्शेरीच्या जानकी अम्माळ यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डी. एस्‌सी. १९३१ सालीच मिळविली होती. त्या वनस्पतींच्या गुणसूत्रांच्या अभ्यासक. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात त्यांनी उसाचा संकर इतर गवतांशी, मक्याशीसुद्धा, करून पाहिला, आणि डार्लिंग्टन यांच्यासह लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश १९४५ साली प्रसिद्ध केला. पहिला क्रमांक कोणाचा हे ठरविण्यात फार अर्थ नाही. एक बटाट्याच्या पेशीत शिरली, एक उसाच्या; आणि दोघींनाही प्रयोगाइतकीच शक्ती प्रयोगशाळेतील आपली जागा राखण्यात खर्च करावी लागली, एवढे लक्षात घेतले म्हणजे झाले.

१९३९ साली कमलाबाई स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाचे प्रमुखपद, नंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालकपद, अशी कामे त्यांनी केली. १९४७ साली विमागणिताचे जाणकार श्री. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांची एक पिढी घडविली.

येथे त्यांनी पुन्हा गरिबाच्या ताटातील पदार्थच संशोधनास घेतले. कच्च्या कडधान्यांत पचनास अडथळा करणारी काही द्रव्ये असतात. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे विकर आतड्यात येते आणि ते प्रथिनांचे तुकडे करते. ही द्रव्ये त्या ट्रिप्सिनलाच बांधून टाकतात. मग डाळीत प्रथिन भरपूर असूनही ते शरीरास पुरते मिळत नाही. भारतीय खाद्यपदार्थांतील अशा रोधक द्रव्यांचा अभ्यास कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० नंतरच्या काळात केला. उष्णतेने ही द्रव्ये पुष्कळशी निकामी होतात. म्हणून कडधान्य नीट शिजवावे. शाळेच्या स्वयंपाकात घाईने उतरविलेली, दाताखाली कचकचणारी डाळ ही केवळ चवीची बाब राहत नाही, हे संबंधितांनी ध्यानात घ्यावे.

ताडाच्या ताज्या रसावर, म्हणजे नीरेवर, त्यांनी केलेले काम अधिक प्रसिद्ध आहे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. नीरेत व ताडगुळात जीवनसत्त्वे व लोह असते, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना तिचा उपयोग होतो, असे त्यांना आढळले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांस या विषयाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

पुरस्कार मिळाला म्हणून जुनी अट सुटली असे मात्र झाले नाही. मुंबईच्या त्याच संस्थेचे संचालकपद त्यांच्या वाट्यास यावयास हवे होते. ते मिळण्यास चार वर्षांचा विलंब झाला. बंगळुरूस एक वर्ष, मुंबईस चार वर्षे. पहिल्या वेळी अट निदान स्पष्ट शब्दांत सांगितलेली होती; दुसऱ्या वेळी ती कोणी बोलून दाखविली नाही. न बोललेल्या अटीशी झगडणे अधिक अवघड असते.

शाळाशाळांतूनही अशा न बोललेल्या अटी असतात. विज्ञानाच्या तासाला उपकरण हाताळावयाचे मुलांनी आणि तास संपल्यावर भांडी विसळावयाची मुलींनी, असे कोणी परिपत्रक काढलेले नाही. तरी तसे घडताना दिसते. सातवी झाल्यावर मुलीस परगावच्या शाळेत पाठवावे की नाही याचा घरी विचार होतो, तेव्हा मुलाच्या बाबतीत न विचारलेले प्रश्न विचारले जातात: वाटेत सोबत कोणाची, घरकाम कोण करील, लोक काय म्हणतील. यांपैकी पहिला प्रश्न रास्त आहे, आणि गावातील चारपाच मुलींनी मिळून जावे अशी व्यवस्था करून तो सोडविता येतो. शिक्षकाने घरी जाऊन पालकांस सांगितले तर पुष्कळदा सुटतोही. तिसरा प्रश्न म्हणजे बंगळुरूची तिसरी अटच होय. दुसऱ्यांच्या मनात जे येईल त्याचा दंड मुलीने भरावयाचा.

निवृत्तीच्या वयाकडे झुकतानाही कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी एकत्र येऊन ग्राहक मार्गदर्शन संस्था स्थापन केली, तीत त्या होत्या. पुढे तिच्या अध्यक्षही झाल्या. अन्नातील भेसळ सामान्य गृहिणीस कशी ओळखता येईल, यावर त्यांनी त्या संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात लेख लिहिले. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्ली येथे त्यांचा सत्कार योजिला. तो घडवून आणला परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. सत्यवती यांनी. समारंभाच्या वेळीच कमलाबाई कोसळल्या, आणि त्यानंतर त्यांचे निधन झाले. ते वर्ष १९९८.

पाचवी ते सातवीच्या वर्गांना हे चरित्र सांगताना सोबत एक प्रयोग करून दाखविता येईल. त्यास पैसा लागत नाही. दोन रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या घ्याव्यात. एकीत मोड आलेली मूठभर मटकी घालावी. दुसरीत तितकीच मटकी शिजवून, निथळून, निववून घालावी. दोहोंची झाकणे घट्ट लावून त्या रात्रभर ठेवाव्यात. खाण्याचा चुना पाण्यात ढवळून वरची स्वच्छ निवळी आधीच काढून ठेवावी. चुना डोळ्यांत जाऊ नये याची काळजी शिक्षकांनी स्वतः घ्यावी. सकाळी झाकण किंचित सरकवून दोन्ही बाटल्यांत थोडी थोडी निवळी ओतावी, झाकण लगेच लावावे आणि बाटली हलकेच हलवावी. ओतणे व हलविणे हे काम वर्गातील मुलींकडे द्यावे. पहिल्या बाटलीतील निवळी दुधासारखी होईल, कारण मोड आलेल्या मटकीने रात्रभर श्वसन करून कर्बवायू सोडलेला असतो. दुसऱ्या बाटलीतील निवळी बहुतेक तशीच राहील. असे का झाले, हे शिक्षकांनी लगेच सांगू नये. मुलांमुलींनी काय पाहिले ते आधी त्यांच्या वहीत लिहू द्यावे.